हॉटेलातून माहिती फुटली, तर सर्वांनी मिळून भरपाई मागता येते का?

देवरुखच्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीच्या लग्नासाठी त्यांनी गणपतीपुळ्याजवळच्या एका हॉटेलात बारा खोल्या घेतल्या, पाहुण्यांच्या आधारकार्डांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले आणि 1 लाख 80 हजार रुपये कार्डाने भरले. पुढे त्यांच्या मुंबईच्या मेव्हण्यांना हॉटेलच्या नावाने फोन आला, ‘अनामत परत करतो’ असे सांगून ओटीपी काढून घेण्यात आला आणि 46 हजार रुपये गेले. त्यानंतर काही आठवड्यांनी हॉटेलने आपल्या संगणकात अनधिकृत प्रवेश झाल्याचा ईमेल सर्वांना धाडला. आता सामूहिक दाव्यासाठी माणशी हजार रुपये आणि भरपाईतील तीस टक्के हिस्सा मागणारा एक संदेश फिरत असून, त्यात सामील व्हावे का, असे ते विचारतात.

माझे स्पष्ट मत असे की, त्या संदेशामागे जाऊ नये, मात्र हक्कही सोडू नये. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला निकालातून मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवताच येत नाही. तेव्हा टक्केवारीची भाषा करणारा माणूस एकतर वकील नाही किंवा नियम पाळणारा वकील नाही. अशा कोणालाही वकीलपत्रावर सही करून देऊ नये.

अमेरिकेत अशा दाव्यांत कोट्यवधी मिळतात, ही समजूतही बेताने घ्यावी. मॅरियट या अमेरिकी हॉटेल कंपनीच्या स्टारवुड नोंदणीप्रणालीतील घुसखोरी 2018 मध्ये उघड झाली. बाधित नोंदी जास्तीत जास्त 38 कोटी 30 लाख असाव्यात, असा कंपनीचा सुधारित अंदाज होता. तरीही तिथल्या अपील न्यायालयाने 2023 मध्ये पाहुण्यांच्या सामूहिक दाव्याला मिळालेली मान्यता रद्द केली, कारण हॉटेलच्या पाहुणे-सदस्य योजनेच्या अटींत सामूहिक दावा न करण्याचे कलम होते आणि त्याचा विचार आधी व्हायला हवा होता. ब्रिटनमध्ये झालेला 1 कोटी 84 लाख पौंडांचा दंडही पाहुण्यांच्या खिशात गेला नाही. आपल्याकडेही 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, पण तो सरकारजमा होणार. पीडिताला भरपाई देण्याची सोय त्यात नाही.

म्हणून आपला खरा रस्ता ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हाच. पैसे आपण एकट्याने भरले असले तरी, आपल्या संमतीने सेवा घेणारे पाहुणेही त्या कायद्याच्या व्याख्येत ‘ग्राहक’ ठरतात. कलम 35(1)(क) खाली समान हितसंबंध असलेल्या असंख्य ग्राहकांच्या वतीने ग्राहक आयोगाच्या परवानगीने प्रातिनिधिक तक्रार करता येते. परंतु तिथे दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 1 नियम 8 लागू होतो: सर्व संबंधितांना स्वखर्चाने नोटीस द्यावी लागते, वेळ पडल्यास वृत्तपत्रात जाहिरात द्यावी लागते, आणि निकाल सर्वांवर बंधनकारक होतो. बारा खोल्यांच्या वऱ्हाडासाठी हा खटाटोप कशाला? ब्रिगेड एंटरप्रायझेस या बांधकाम कंपनीविषयीच्या 2021 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, मोजक्या ग्राहकांना अशी परवानगी न घेताही एकत्र तक्रार करता येते. आपण, मेव्हणे आणि ज्यांना तसे फोन आले ते चार-पाच जण एवढ्यांनीच तक्रार करावी. मेव्हण्यांचे गेलेले पैसे आणि इतरांचा मनस्ताप या मागण्या मात्र स्वतंत्रपणे मांडाव्यात. एकाच रकमेत घोळ घातला, तर हॉटेलचे वकील नेमके तिथेच बोट ठेवतील.

आपण जिल्ह्यात राहत असल्याने तक्रार रत्नागिरीच्या जिल्हा आयोगात चालेल. सेवेपोटी दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.

सगळी मदार पुराव्यावर आहे. फोन करणाऱ्याला लग्नाची तारीख, मेव्हण्यांच्या खोलीचा क्रमांक आणि आपण भरलेल्या अनामतीचा आकडा ठाऊक होता, असे आपण कळवले आहे. ही तिन्ही माहिती एकत्र फक्त हॉटेलच्या नोंदवहीत असू शकते, आणि हाच आपला सर्वांत भक्कम मुद्दा आहे. उलट, आधारकार्डांचे फोटो आपण घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकले होते, त्यामुळे ‘माहिती तिथून फुटली’ असा बचाव होणार हे धरून चाला. म्हणून भर आधारवर न देता खोलीच्या तपशिलावर द्या. मेव्हण्यांचे त्या फोनबद्दलचे शपथपत्र, कॉलची नोंद, बँकेचे विवरण आणि हॉटेलचा ईमेल मूळ स्वरूपात जपून ठेवा. हॉटेलला घुसखोरी केव्हा समजली, हे तक्रारीआधी हॉटेलला पाठवायच्या नोटिशीत आवर्जून विचारा. ग्राहकापासून महत्त्वाची माहिती जाणीवपूर्वक दडवणे हीही कायद्याने सेवेतील त्रुटीच आहे, आणि ईमेल फसवणुकीनंतर आला आहे.

ओटीपी मेव्हण्यांनी स्वतःच सांगितला असल्याने बँकेकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे अशा प्रसंगी बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे असते, कळवल्यानंतरचे बँकेचे. हॉटेलही या चुकीचे भांडवल करील, त्यामुळे पूर्ण 46 हजार मिळतीलच असे मी सांगणार नाही. सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली नसेल तर ती आधी नोंदवून तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा.

कार्डाचा तपशीलही फुटला असेल, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43-अ खाली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे निवाडा अधिकारी म्हणून वेगळा अर्ज करता येतो. 2023 च्या कायद्याने ते कलम वगळले आहे, पण वगळण्याची ती तरतूद प्रत्यक्ष अंमलात येईपर्यंतच हा मार्ग खुला आहे. शिवाय कलम 43-अ खालील नियमांतल्या संवेदनशील माहितीच्या यादीत कार्डाचा तपशील असला तरी नुसता आधार क्रमांक नाही. म्हणून हॉटेलकडून लेखी उत्तर आल्याशिवाय या वाटेने जाऊ नये. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवून उत्तरासाठी पंधरा दिवस द्यावेत.