अंतराळातली वीज खाली आणता येईल का? तुमचे प्रश्न

अवकाशात सोलर पॅनल लावून तिथली वीज मायक्रोवेव्हच्या बीमने (झोताने) जमिनीवर आणायची, यावर बरेच प्रश्न आलेत, त्यातले काही घेतोय.

प्रश्न: पॅनल वर नेऊन असा काय मोठा फायदा? रात्र तर तिथेही होणारच ना?

होते, पण नावालाच. सॅटेलाइट भूस्थिर कक्षेत, म्हणजे विषुववृत्ताच्या वर साधारण ३५,८०० किमीवर ठेवला तर पृथ्वीचा अक्ष कललेला असल्यामुळे तो वर्षातला बहुतेक काळ तिच्या सावलीला चुकवूनच फिरतो. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास काही आठवडे तेवढा रोज सावलीत सापडतो, तेही जास्तीत जास्त ७० मिनिटांच्या आसपास. बाकी चोवीस तास ऊन, ढग नाहीत, धूळ नाही, आणि चौरस मीटरला १३६० वॅट. खाली भर दुपारी निरभ्र आकाशात १००० मिळाले तर खूप झालं. पीटर ग्लेझर या इंजिनिअरने १९६८ मध्येच ही कल्पना मांडली होती, आणि खरं सांगायचं तर कल्पनेत काही खोट नाहीये.

प्रश्न: अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठाने २०२३ मध्ये अवकाशातून वीज पाठवून दाखवली म्हणे. मग गाडी अडलीये कुठे?

दाखवली, पण किती ते बघा. त्यांच्या मेपल नावाच्या यंत्राने अवकाशातच फूटभर अंतरावरचे दोन एलईडी पेटवले, आणि पृथ्वीकडे सोडलेला बीम पासाडेनातल्या त्यांच्या लॅबच्या गच्चीवर पकडला गेला. पकडला गेला म्हणजे सिग्नल म्हणून, त्यावर खाली दिवा लागला नाही. तसं तर १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनला नासाच्या लोकांनी जमिनीवरच दीड किमी अंतरावर मायक्रोवेव्हने ३० किलोवॅटच्या वर पॉवर पोचवली होती, तेव्हा तत्त्व सिद्ध होऊन जमाना झाला.

अडतं ते आकारावर. कुठलाही बीम लांब जाताना पसरतोच आणि किती पसरणार ते पाठवणाऱ्या अँटेनाच्या रुंदीवर ठरतं. २.४५ गिगाहर्ट्झवर १ किमी रुंद अँटेना लावली तर खाली पडणारा ठिपका साधारण १० किमीचा होतो, आणि तेवढ्या जागेवर रेक्टेना पसरावी लागते (मायक्रोवेव्ह पकडून त्याची वीज करणारी जाळी). बरं, मग आधी छोटं करून बघू म्हणून १०० मीटरची अँटेना घेतली तर ठिपका कमी व्हायच्या ऐवजी १०० किमीच्या वर जातो! इथेच सगळी गोची आहे, कारण बाकी बहुतेक टेक्नॉलॉजी लहानापासून हळूहळू वाढवत नेता येते, इथे पहिलंच केंद्र अवाढव्य लागतं. फ्रिक्वेन्सी वाढवून ठिपका आवळता येतो, पण जसजसं वर जाल तसा पाऊस आडवा यायला लागतो.

प्रश्न: हा बीम चुकून वस्तीवर पडला तर माणसं भाजतील का?

नाही. १९७० च्या दशकातल्या अमेरिकन अभ्यासात बीमच्या मधोमध चौरस मीटरला २३० वॅट धरले होते, म्हणजे दुपारच्या उन्हाच्या पाव भागापेक्षा कमी, आणि कडेला त्याहून बरंच कमी. शिवाय खालून सतत एक पायलट सिग्नल वर जात असतो, त्याच्या आधारानेच बीम एकवटलेला राहतो, सिग्नल तुटला की बीम विस्कटतो. तरी रेक्टेनाच्या मधोमध रोज तासन्‌तास काम करायला मी कुणाला सांगणार नाही, पक्ष्यांचाही नीट अभ्यास व्हायला हवा.

प्रश्न: एवढा खटाटोप कशाला, मोठा आरसा लावून ऊनच खाली पाठवलं तर?

रशियाने १९९३ मध्ये झ्नाम्या नावाचा २० मीटरचा आरसा उघडून बघितला होता, उजेडाचा ठिपका युरोपवरून सरकत गेला. पण सूर्य आपल्याला बिंदू दिसत नाही, अर्ध्या अंशाची थाळी दिसते, त्यामुळे भूस्थिर कक्षेतून सपाट आरशाने ऊन पाडलं तर ते ३०० किमीहून जास्त रुंद पसरणार. खालच्या कक्षेत आरसा ठेवावा तर तो काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातो.

प्रश्न: खर्चाचं काय?

नासाच्या २०२४ च्या रिपोर्टमध्ये २०५० साठीच्या दोन डिझाइनचा हिशोब आहे, वीज जमिनीवरच्या पर्यायांपेक्षा १२ ते ८० पट महाग पडते आणि खर्चाचा सगळ्यात मोठा वाटा लाँचिंगचा. हजारो टन माल वर न्यायचाय हो, इंटरनॅशनल स्पेस स्टेशन ४२० टनांच्या आसपास आहे आणि तेवढं जोडायलाच दहा वर्षांवर लागली. रॉकेट खूप स्वस्त झाली तर गणित बदलेल, पण तोवर जमिनीवरचे पॅनल आणि बॅटऱ्याही स्वस्त होत राहणार, त्यामुळे मी तरी पैसे त्यांच्यावरच लावेन.

प्रश्न: सरळ केबलच का सोडत नाहीत?

३५,८०० किमीची तांब्याची केबल स्वतःच्याच वजनाने तुटेल.