सर्व्हर बंद पडला आणि पेशंटला काही झालं तर?

हॉस्पिटलच्या आयटी विभागात पहिलीच नोकरी करणारी मुलं माझ्याकडे समुपदेशनाला येतात, तेव्हा प्रत्येकाची धास्ती एकच असते: "माझ्या हातून काही चुकलं आणि पेशंट दगावला तर?" पेशंटला हातही न लावणाऱ्याने एवढं कशाला घाबरायचं, असं घरचे म्हणतात. पण सर्व्हर थांबला की रिपोर्ट अडकतात, हे त्या मुलाला चांगलं ठाऊक असतं.

अनिकेत (नाव बदललं आहे) चोवीस वर्षांचा, बीएस्सी कॉम्प्युटर, खासगी हॉस्पिटलात ज्युनिअर सिस्टीम अ‍ॅडमिन. हुद्दा भारदस्त, काम म्हणजे पासवर्ड रीसेट करणं, बारकोड प्रिंटरमध्ये अडकलेली लेबलं सोडवणं, बॅकअप झाला का बघणं आणि रात्री एकट्याने फोन घेणं.

"मॅडम, फोन नुसता थरथरला तरी छातीत धस्स होतं. आईचा असला तरी."

खोदून विचारल्यावर एक रात्र बाहेर आली. सीटी-एमआरआयच्या इमेजेस साठवणारी पॅक्स यंत्रणा बंद पडली होती. कॅज्युअल्टीत अपघाताचा पेशंट. डॉक्टर फोनवर ओरडले, "इथे माणूस मरतोय, तुमचं काय चाललंय?"

मी विचारलं, "मग त्यांनी सीटी पाहिला कुठे?"

तो गोंधळला. "सीटी मशीनच्या कन्सोलवर. इमेजेस तिथेही असतात ना."

ऑपरेशन वेळेत झालं होतं. त्याच्या डोक्यात मात्र फक्त ओरडा राहिला होता.

मग त्यानेच दिल्लीच्या एम्सचा विषय काढला. नोव्हेंबर 2022 मध्ये सायबर हल्ल्याने तिथले सर्व्हर ठप्प झाले होते. मी म्हटलं, "पुढचंही सांग." ओपीडी, भरती, तपासण्या कित्येक दिवस कागदावर चालल्या, रांगा लांबल्या, हाल झाले, पण हॉस्पिटल चालू राहिलं. कागदाची सोय अनिकेतकडेही होती, प्रत्येक वॉर्डात डाउनटाइम फॉर्मची, म्हणजे सर्व्हर बंद असताना भरायच्या कागदांची फाईल. ती कधी उघडायची आणि ते कोण ठरवणार, हे मात्र त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

श्वासाचे व्यायाम मी शिकवले. पण रात्रभर अख्खं हॉस्पिटल एका पोरावर सोडायचं आणि तो घाबरला की समुपदेशनाला धाडायचं, हा न्याय मला पटत नाही. म्हणून त्याला वही ठेवायला सांगितली: फोन किती वाजता आला, काय बिघडलं, पेशंटचं काही अडलं का, कुणाला कळवलं. बहुतेक नोंदी प्रिंटरच्या आणि विसरलेल्या पासवर्डच्या निघाल्या. उरलेल्या मोजक्या घेऊन साहेबांकडे जायचं ठरलं. काय बोलायचं याची आम्ही तालीम केली. सुरुवातीला त्याचं पहिलंच वाक्य "सॉरी सर" असायचं.

साहेबांनी लेखी दिलं: पंधरा मिनिटांत सुटलं नाही तर सिनिअर इंजिनिअरला फोन, आणि कागदावर जायचं की नाही हे ड्युटीवरचे मेडिकल ऑफिसर ठरवतील. बॅकअप नुसता घेऊन न थांबता तो परत चढवून बघायचा, हेही त्यात आलं.

झोप थोडी सुधारली आहे. ही सुधारणा टिकली नाही तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं आम्ही ठरवलंय. रात्रपाळीला दुसरा माणूस द्या, ही मागणी अजून एचआरच्या टेबलावर पडून आहे.