जुनी टीटी घेण्याआधी

चि. भाचीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. आउग्सबुर्गजवळच्या एका गृहस्थांकडची २००१ सालची रुपेरी ऑडी टीटी कूपे (दोन दारांची), २२५ अश्वशक्तीची, क्वाट्रो म्हणजे चारही चाकांना ओढ असलेली, दोन लाख किलोमीटरांच्या आत चाललेली आणि तुझ्या बचतीत बसणारी. ती घ्यावी का, असा तू मुख्य प्रश्न एकच विचारलास, पण ही गाडी बाळगणाऱ्या, बाळगून विकलेल्या आणि घ्यायची राहून गेलेल्या लोकांची मते मात्र दोन पाने भरून उतरवून पाठवलीस. एकाच्या मते ही शतकातली सर्वांत सुंदर जर्मन मोटार आहे, दुसऱ्याच्या मते ती फोक्सवागनची नटवलेली गोल्फ आहे, तिसरा म्हणतो की ती माणसे मारते, आणि चौथा म्हणतो की ती घेतलीस तर बँकेतले पैसे गॅरेजवाल्याच्या नावावर करून मोकळी हो. पाचामुखी परमेश्वर असे आपण म्हणतो खरे, परंतु जुन्या मोटारींच्या बाबतीत पाच मुखांमागे पाच निरनिराळ्या गाड्या असतात, आणि त्यांपैकी एकही तू घेणार आहेस ती नसते. म्हणून कोणाचेही मत ऐकताना आधी एवढे विचारावे की त्यांची गाडी कोणत्या सालची होती, कोणत्या इंजिनाची होती आणि ती त्यांच्याकडे किती वर्षे टिकली. हे विचारल्यावर निम्मी मते आपोआप गळून पडतात, कारण पुष्कळांची गाडी केवळ शेजाऱ्याच्या दारात उभी असते.

‘नटवलेली गोल्फ’ या टोमण्यापासून सुरुवात करतो, कारण तो सगळ्यांत जुना आहे आणि त्यात तथ्यही आहे. टीटीचा सांगाडा चौथ्या पिढीच्या गोल्फचाच आहे. इंजिन आडवे बसवलेले आहे, आणि मोठ्या ऑडीतल्या क्वाट्रोपेक्षा हिची चारचाकी ओढ वेगळ्या पद्धतीची आहे. ताकद मुळात पुढच्या चाकांकडे जाते. ती घसरू लागली की हाल्डेक्स नावाचा क्लच मागच्या चाकांना कामाला लावतो. त्यामुळे वळणात ही गाडी नाक बाहेर टाकू पाहते, आणि ज्यांना मागच्या चाकांवर चालणाऱ्या बीएमडब्ल्यूची सवय आहे त्यांना ती निरुत्साही वाटते. इंग्लंडमध्ये तिला केशकर्तनकारांची गाडी म्हणून हिणवले गेले. त्यातला रोख गाडीपेक्षा ती आवडणाऱ्यांवर अधिक होता, आणि मला तो नेहमीच क्षुद्र वाटत आला आहे. तू रोज साठ किलोमीटर जाणार, त्यात हिवाळ्याचे चार महिने, आणि शर्यतीच्या मैदानावर पाऊलही ठेवणार नाहीस. तुझ्यासाठी हा दोष नावापुरताच आहे.

रूपाविषयी मात्र मी तटस्थ राहू शकत नाही. १९९५ च्या सप्टेंबरात फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनात ही कूपे संकल्पना म्हणून मांडली गेली, तेव्हा तिला मागे बाजूची खिडकी नव्हती. १९९८ मध्ये विक्रीला आली तेव्हा ती लहानशी काच आली, आणि माझ्या मते त्या काचेने छताची कमान अधिक खुलली. फ्रीमन थॉमस यांच्या रेखाटनातून आणि पेटर श्रायर यांच्या हाताखालच्या मंडळींच्या कामातून हे रूप साकारले. वर्तुळ ही एकच कल्पना त्यांनी हट्टाने शेवटपर्यंत नेली: चाकांवरच्या कमानी, छत, पेट्रोलच्या टाकीचे उघड्या बोल्टांचे गोल झाकण, आत वाऱ्याच्या झरोक्यांभोवतीची ॲल्युमिनियमची कडी. शनिवारी गाडीत बसशील तेव्हा ती कडी दोन बोटांनी फिरवून पाहा. थंड धातू बोटांना लागतो, कडी जडपणे आणि एकसारखी फिरते, आणि झरोका उघडतो किंवा मिटतो. पंचवीस वर्षांनंतरही ती तशीच फिरत असेल तर गाडी सांभाळणाऱ्याचा हात कसा आहे हे तुला कळेल. आजच्या मोटारींत हेच काम पडद्यावर बोट घासून करावे लागते, आणि लोक त्याला प्रगती म्हणतात.

रंगवलेले सांगाडे जर्मनीतल्या इंगोलश्टाटहून रेल्वेने हंगेरीतल्या ग्योरला जात आणि तिथे त्यांची जुळणी होई. जस्ताचा लेप दिलेला पत्रा असल्यामुळे गंज हा हिचा मुख्य शत्रू नाही. पुढच्या मडगार्डची खालची कड आणि जुन्या अपघातानंतर ठोकून काढलेली जागा तेवढी पाहावी.

आता ‘ती माणसे मारते’ या मताकडे येतो, कारण ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. पहिल्या वर्षभरात जर्मनीत भरधाव वेगात एकाएकी मार्गिका बदलताना किंवा वळणातच ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडीचा मागचा भाग सुटून अपघात झाले, आणि त्यांत माणसे दगावली. १९९९ च्या अखेरीस कंपनीने गाड्या परत बोलावण्याचा निर्णय घेतला. सस्पेन्शन बदलले, मागच्या दारावर गाडीची पाठ रस्त्यावर दाबून धरणारी छोटी पट्टी, म्हणजे स्पॉयलर, आला आणि ईएसपी ही गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा आली. येथे रसिकांची दोन घराणी पडली. एकांना मूळची, बिनस्पॉयलरची नितळ पाठ हवी असते. ते म्हणतात की बदलांनंतर गाडीची धार गेली. दुसरे म्हणतात की धार गेली म्हणूनच आपण आज वाद घालायला जिवंत आहोत. संग्राहकाच्या दृष्टीने पहिल्यांचे म्हणणे मला समजते, तरी तुझ्या वयाचे आणि ऑटोबानवर, म्हणजे जर्मनीतल्या द्रुतगती महामार्गावर, नवखे असलेले माणूस माझ्यासमोर असेल तर मी दुसऱ्या घराण्यात जाऊन बसतो. तुझी गाडी २००१ ची असल्यामुळे तिच्यात हे सारे आहे. मात्र मागच्या स्पॉयलरची भोके बुजवलेली दिसली किंवा कोणी ‘मूळ रूप’ देण्याच्या नादात सस्पेन्शनला हात लावलेला दिसला, तर तो सौदा तिथेच थांबव.

इंजिनाबद्दल तुझ्या यादीत सगळ्यांत जास्त मते आहेत, आणि सगळ्यांत जास्त घोळही इथेच आहे. १.८ लिटरचे, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह असलेले टर्बो इंजिन मुख्यतः १८० आणि २२५ अश्वशक्ती अशा दोन रूपांत मिळे. २२५ ला टर्बो मोठा, सहा गिअर आणि मागे दोन बाजूंना दोन नळ्या. २००३ मध्ये ३.२ लिटरचे सहा सिलिंडरांचे २५० अश्वशक्तीचे इंजिन आले आणि त्याबरोबर दुहेरी क्लचचा गिअरबॉक्सही आला. त्याचा आवाज मोहात पाडतो हे कबूल, पण त्याच्या टायमिंगच्या, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप जुळवणाऱ्या, साखळ्या इंजिनाच्या गिअरबॉक्सकडच्या तोंडाला आहेत, आणि त्या ताणल्या गेल्या की दुरुस्तीसाठी एवढे काही उतरवावे लागते की बिल पाहून माणूस खाली बसतो. तुला २२५ पुरेशी आहे.

तिच्यात साखळीऐवजी टायमिंग बेल्ट आहे, आणि तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून इंजिनाचे वरचे अंग निकामी होते. मूळ वेळापत्रकातले अंतर फारच आशावादी होते. अनुभवी लोक नव्वद हजार ते एक लाख किलोमीटर किंवा पाचेक वर्षे, जे आधी होईल ते, असा नियम पाळतात. बेल्ट बदलताना त्यावरच चालणारा वॉटर पंपही बदलायचा असतो, कारण मूळच्या पंपाची पाती प्लास्टिकची होती.

ही पाती मी हातात घेऊन पाहिली आहेत. माझ्याकडे २००६ ते २०१३ अशी सात वर्षे याच पिढीची टीटी होती. या पिढीच्या टीटीचा डॅशबोर्डवरचा मीटरसंच बदनाम आहे: पेट्रोलचा काटा भलतेच दाखवतो, तापमानाचा काटा झोपतो किंवा उड्या मारतो, मधल्या पडद्यावरचे ठिपके गायब होतात. ज्या ज्या माणसाला मी विचारले त्याने मला हेच सांगितले होते, आणि ते खरेही होते. एका जुलैत न्युर्नबेर्गच्या दिशेने जाताना तापमानाचा काटा नव्वदच्या वर सरकू लागला. मी स्वतःशी हसलो आणि म्हणालो, आला बघा तो प्रसिद्ध खोटारडा काटा. पुढची वीस मिनिटे मी तसाच चालवत राहिलो. काच पुसण्यासाठी गरम हवा सोडली तर झरोक्यातून गार हवा येत होती. त्याच क्षणी उमजायला हवे होते की कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे आणि आतली हवा गरम करणारे पाणी, फिरतच नाही, पण माझ्या डोक्यात सर्वांचे मत पक्के बसलेले होते. बॉनेटखालून वाफ आली तेव्हा काटा खरे बोलत होता हे कळले. इंजिनाचे हेड वाकले, गॅस्केट गेले. गॅरेजवाल्याने पंप सोडवून आतले नखाएवढे तीन काळे तुकडे माझ्या तळहातावर ठेवले, आणि मग बिल ठेवले. माझ्या आधीच्या मालकाने बेल्ट बदलून घेतला होता, त्याची पावतीही होती. पंप तोच ठेवला होता, आणि ती पावती मी कधी नीट वाचली नव्हती.

म्हणून काटा हलला की आधी त्याच्यावर विश्वास ठेव. पडताळणीसाठी एक युक्तीही आहे: वातानुकूलनाच्या पॅनेलवर आतली हवा फिरवण्याचे बटण आणि वरच्या दिशेच्या बाणाचे बटण एकत्र दाबून धरले की आकडे दिसू लागतात, आणि ४९ क्रमांकावर कूलंटचे तापमान अंशांत वाचता येते. चौकशी करताना हे मला कोणी सांगितले नाही. प्रत्येक जण काट्याला शिव्या देण्यातच मग्न होता.

हाल्डेक्सला स्वतःचे तेल आणि स्वतःचा फिल्टर असतो, आणि पुष्कळ मालकांना हे ठाऊकच नसते. त्याचा पंप मेला तरी गाडी केवळ पुढच्या चाकांवर निमूटपणे चालत राहते आणि सहसा कसलाच दिवा लागत नाही, म्हणजे चारचाकी म्हणून घेतलेली गाडी दोनचाकी ओढीची निघते. ओल्या खडीवर थांबलेल्या गाडीला एकदम रेटून पाहा. पुढची चाके नुसती फिरत राहिली तर विचारायला हवे. चारही टायर एकाच बनावटीचे आणि सारख्याच झिजलेले आहेत ना, हेही पाहा. पुढच्या स्प्रिंगा तुटणे, खालच्या आर्मचे रबर फाटणे, इग्निशन कॉइल जाणे हे या वयाच्या गाडीत चालायचेच. त्यांचा खर्च सोसण्यासारखा असतो. खरेदीच्या रकमेच्या निदान एक तृतीयांश इतके पैसे पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेव, आणि ते जमत नसतील तर गाडी पुढच्या वर्षी घे.

छायाचित्रांवरून एक शंका येते. गाडी जरा जास्तच खाली बसलेली दिसते आणि चाके मूळची वाटत नाहीत. सस्पेन्शन बदललेले असेल, संगणकात फेरफार करून ताकद वाढवलेली असेल, तर ते गाडीच्या कागदांत नोंदवलेले आहे का ते विचार. नोंद नसेल तर पुढच्या ट्यूफच्या, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे का हे पाहणाऱ्या सक्तीच्या, तपासणीत अडचण तुझी होईल. अंगाने कितीही चकचकीत असली तरी दुरुस्तीच्या पावत्यांच्या फायलीशिवाय गाडी घेऊ नये, आणि फाईल मिळाली की माझ्यासारखी न वाचता ठेवू नये.

तू किमतीचेही विचारलेस. पहिल्या पिढीच्या अडीच लाखांहून अधिक टीटी बनल्या, त्यामुळे ती दुर्मिळ नाही. मात्र कोणी छेडछाड न केलेल्या गाड्या वर्षागणिक कमी होत आहेत. २०२३ मध्ये टीटीचे उत्पादनच थांबले. सर्वांत आधीच्या गाड्यांना २०२८ पासून तीस वर्षे पुरी होतील आणि त्या जर्मनीत ऐतिहासिक वाहनाच्या क्रमांकपट्टीस पात्र ठरू लागतील, म्हणून काही जण आतापासूनच भाव चढणार असे सांगतात. सांगू देत, विकणाऱ्याच्या तोंडी हे मत सर्वाधिक ऐकू येते. ही गाडी पुढे पुण्याला नेण्याचा विचार तू पत्राच्या शेवटी लिहिला आहेस, तो मात्र सोडून दे: तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी भारतात आणू देत नाहीत, आणि हिचे स्टिअरिंग डावीकडे आहे.

शनिवारी साडेनऊला आउग्सबुर्गच्या स्टेशनावर उतर, मी तिथे असेन. विजेरी, हातमोजे आणि बिघाडांचे संकेत वाचणारे यंत्र मी घेऊन येतो. त्या गृहस्थांना आधीच कळव की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नये, थंड इंजिन कसे सुरू होते ते पाहायचे आहे. बॉनेटला हात लावला आणि तो कोमट लागला तर आपण चहा पिऊन परत येऊ. आणि तूर्तास आईला यातले काही लिहू नकोस, नाहीतर तिचा फोन तुला नाही, मला येईल.

तुझा,
मामा