शेअर बाजार समजून घ्यायचाय? मग सुरुवात संत्र्यापासून कर

तू लिहिलंस की इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष आहे, नोकरी लागली की ऑप्शन ट्रेडिंग (ठरलेल्या भावात पुढे शेअर घेण्या-विकण्याच्या हक्काचे सौदे) सुरू करायचंय, तोवर बाजार कळावा म्हणून सिनेमे सुचवा. आणि 'वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट' आधी बघू का? तो आधी नको, शेवटी बघ. आधी १९८३ चा 'ट्रेडिंग प्लेसेस' बघ. विनोदी आहे, पण वायदेबाजार (भाव आज ठरवायचा, माल पुढे द्यायचा, असे सौदे) एवढा स्वच्छ दाखवणारा दुसरा सिनेमा मला माहीत नाही. आणि तो फिरतो संत्र्यावर, म्हणजे आपल्याच फळावर.

नागपूर जिल्ह्यात काटोल-नरखेडकडे बागा असलेल्यांना वायदा समजावून सांगावा लागत नाही. फळ लिंबाएवढं असतानाच व्यापारी बाग बघून जातो, झाडावरच सौदा ठरतो, इसार हातात पडतो. माल पुढे नागपूरच्या कळमना बाजारात जाईल तेव्हा भाव काय असेल, हे दोघांनाही ठाऊक नसतं. सिनेमातही तेच आहे, फक्त तिथे सौदा गोठवलेल्या संत्र्याच्या रसाचा आहे. थंडीने पीक मारलं की नाही, याचा सरकारी अहवाल यायचा असतो. ड्यूक बंधू, सिनेमातले श्रीमंत दलाल, तो आधीच चोरून मिळवायला बघतात आणि दोन्ही नायक त्यांच्या हाती खोटा अहवाल सरकवतात. पीक गेलं असं समजून ते वाटेल त्या भावात खरेदी करत सुटतात. नायक चढ्या भावात विकतात, जवळ रसाचा एक थेंब नसताना. खरा अहवाल येतो, पीक शाबूत निघतं, भाव कोसळतो, आणि मग ते स्वस्तात परत घेऊन सौदा पुरा करतात. आधी विक्री, मागून खरेदी. शॉर्ट सेलिंग म्हणजे हेच.

त्यानंतरचं एक मिनिट नीट बघ. सौदे बंद होताच एक्स्चेंजचा माणूस ड्यूक बंधूंकडे मार्जिनचे, म्हणजे सौद्यासाठीच्या तारणाचे, पैसे मागतो, तेही तिथल्या तिथे. आपल्याकडे गारपीट झाली की व्यापारी फोन उचलत नाही आणि शेतकरी इसारावरच हात चोळत बसतो. एक्स्चेंज आणि मार्जिन ही व्यवस्था याचसाठी आहे, की हरलेल्याला पळता येऊ नये. तू ऑप्शन विकशील तेव्हा हेच मार्जिन तुझ्याही खात्यातून मागितलं जाईल. (सरकारकडून चोरलेल्या माहितीवर असे सौदे करायला अमेरिकेत २०१० च्या कायद्याने बंदी आली. त्या कलमाला तिथे या सिनेमातल्या नटावरून 'एडी मर्फी रूल' म्हणतात.)

दुसरा 'मार्जिन कॉल', २०११ चा. एका बँकेतली जेमतेम दीड दिवसाची गोष्ट. मारधाड नाही, प्रेमप्रकरण नाही. कामावरून काढलेला एक अधिकारी जाताना ज्युनियरच्या हातात पेन ड्राइव्ह देतो. तो पोरगा मुळात इंजिनीअर, तुझ्यासारखाच. रात्री बसून तो आकडेमोड पुरी करतो आणि त्याला दिसतं, की गहाणकर्जांवरच्या रोख्यांचा (घरकर्जं एकत्र बांधून विकलेल्या कागदांचा) भाव थोडा जरी आणखी घसरला तरी होणारा तोटा अख्ख्या कंपनीच्या किमतीहून मोठा असेल. मग पहाटेच्या मीटिंगमध्ये सगळ्यात वरचा साहेब त्याला म्हणतो, लहान मुलाला सांगतोस तसं सांग. तो प्रसंग मी पोरांना मुद्दाम दाखवतो. खोलीत सर्वांत जास्त पगार घेणाऱ्यालाच आपण काय विकतोय ते उलगडलेलं नसतं. आणि दिवस उजाडल्यावर तो माल ग्राहकांच्याच गळ्यात मारायचं ठरतं.

'द बिग शॉर्ट' (२०१५) त्याच, २००८ च्या आर्थिक संकटाची दुसरी बाजू. त्यातला मायकल बरी हा खरा माणूस. कर्जांचे कागद एकेक करून वाचणारा. ही घरकर्जं बुडणार, असं ओळखून त्याने ती बुडाली तर पैसे मिळतील असा विमा घेतला. त्याचं म्हणणं बरोबर होतं, पण बाजाराला ते पटेपर्यंत दोन वर्षं हप्ते भरत बसावं लागलं आणि गुंतवणूकदार अंगावर आले. बरोबर असणं आणि तोवर टिकणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

'स्कॅम १९९२' ही वेब सिरीज तू पाहिली असशीलच. पुन्हा बघ, पण शेअर दलाल हर्षद मेहताच्या गाडीकडे नको, बँक रिसीटकडे बघ. पोरं ती शेअरची गोष्ट म्हणून बघतात. मुळात पैसा आला तो सरकारी रोख्यांच्या व्यवहारातून. एक बँक दुसरीला रोखे विकायची, प्रत्यक्ष रोख्यांऐवजी पावती द्यायची, आणि मधला दलाल तेवढे दिवस पैसा वापरायचा. पुढे तर रोखे नसतानाच पावत्या निघाल्या. त्यात आपल्या महाराष्ट्रातली बँक ऑफ कराडही होती.

दहा वर्षांनी, २००२ मध्ये, तेच आपल्या दारात घडलं. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने होम ट्रेड ही दलाल कंपनी आणि इतर दलालांमार्फत सरकारी रोख्यांत पैसे घातले. पैसे गेले, रोखे आलेच नाहीत. सुमारे दीडशे कोटी, ठेवी शेतकऱ्यांच्या. खटल्याचा निकाल लागायला डिसेंबर २०२३ उजाडला. मी सहकारी बँकांच्या ऑडिटमध्ये बरीच वर्षं काढली. तिथे ताळेबंदात गुंतवणूक दिसली की आमचा पहिला प्रश्न असायचा, रोखे कुठे आहेत, दाखवा. हा प्रश्न वेळेवर आणि ठासून विचारला गेला असता तर कितीतरी घरं वाचली असती. त्याबद्दल मला आजही चीड येते.

आता 'वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट' (२०१३). स्कॉर्सेसीने तो उत्तम केलाय, पण त्यातली पार्टी पोरांच्या डोक्यात राहते आणि धंदा राहत नाही. धंदा असा : फुटकळ कंपनीचा शेअर स्वतःकडे साठवायचा, फोन करकरून लोकांना घ्यायला लावायचा, भाव चढला की आपला काढून मोकळं व्हायचं. आज फोनच्या जागी टेलिग्रामचे ग्रुप आलेत. बघताना पलीकडून फोन उचलणाऱ्या माणसाकडे लक्ष दे; तो पडद्यावर जवळजवळ दिसतच नाही.

ऑप्शनबद्दल एक आकडा सांगतो. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ मध्ये वायदे आणि ऑप्शनमधल्या १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडरांना तोटा झाला. मिळून १ लाख ८० हजार कोटींहून जास्त. नोकरी लागली की पहिलं वर्ष फक्त इंडेक्स फंडात (निर्देशांकातल्या सगळ्या शेअरमध्ये पैसे लावणारा फंड) एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम, टाक. संध्याकाळी ऑप्शनचे सौदे वहीत लिही, पैसे न लावता, ब्रोकरेज आणि कर वजा करून. ती वही वर्षाने इथे टाक, आपण आकडे मिळून बघू. आणि घरच्यांसोबत बघायला यातला 'मार्जिन कॉल' घे, 'वुल्फ' नको.