‘या वयात हात बसेल का?’

प्रौढ वयात एखादा ट्रेड शिकायला आलेला माणूस समुपदेशकाकडे सहसा स्वतःहून येत नाही, त्याला कुणीतरी पाठवतं. सुधाकररावांना (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत) त्यांच्या वेल्डिंगच्या सरांनी पाठवलं होतं. थिअरीला पहिल्या बाकावर, प्रॅक्टिकलला मात्र दांडी, असं काही दिवस चाललं होतं. वय सेहेचाळीस. आधीची नोकरी स्टोअरमध्ये, हिशेबाची. ती गेल्यावर हाताला काहीतरी कसब हवं म्हणून वेल्डिंगच्या सर्टिफिकेट कोर्सला नाव घातलेलं. बॅचमधली बाकीची मुलं त्यांच्या निम्म्या वयाची, आणि सरही त्यांच्यापेक्षा बरेच लहान.

खुर्चीत टेकता टेकताच त्यांनी निकाल सांगून टाकला. “मॅडम, या वयात हात बसत नाही. पोरं बघता बघता सरळ बीड, म्हणजे वितळलेल्या धातूची रेघ, मारायला लागली. माझं अजून शेणाच्या पोवासारखं पडतंय. फी भरली आहे म्हणून येतो, एवढंच.”

हा प्रश्न दर बॅचला कुणी ना कुणी घेऊन येतंच. कधी चाळिशीतला माणूस, कधी मुलं मोठी झाल्यावर शिकायला आलेली बाई. अशा वेळी “नक्की जमेल हो” म्हणणं सोपं असतं, पण त्यानं समोरच्याचं काही हलत नाही. घरचे तेच म्हणत असतात. मी उलटा प्रश्न विचारते: काय जमत नाही? कुठल्या जागी?

सुधाकररावांना हा प्रश्न जरा उद्धट वाटला असावा. म्हणाले, “सगळंच.” मी त्यांना पुढच्या वेळी खराब गेलेले जॉब, म्हणजे सरावात वेल्ड केलेले तुकडे, घेऊन यायला सांगितलं. ते हसले. खराब जॉब ते ठेवतच नव्हते. सरांची फेरी यायच्या आत भंगाराच्या पेटीत टाकून देत होते. माझ्या मते त्यांच्या शिकण्यातली सगळ्यात महागडी सवय हीच होती. वेल्डिंगमध्ये चूक धातूवर लिहिलेली राहते. ती वाचायच्या आधीच फेकली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच करायला माणूस मोकळा.

पुढच्या वेळी ते कागदात गुंडाळून प्लेटचे चार तुकडे घेऊन आले. मला वेल्डिंग येत नाही, म्हणून बीड कसा वाचायचा ते त्यांनाच सांगायला लावलं. सांगताना मात्र त्यांचा आवाज बदलला, स्टोअरचा माणूस मालाची तपासणी करताना बोलतो तसा झाला. “ही सुरुवात. इथे आर्क मारला, म्हणजे रॉड आणि प्लेटमध्ये विजेची ज्योत पेटवली. इथपर्यंत बरं आहे.” अंगठा बीडवरून सरकत एका जागी थांबला. “इथून पसरायला लागलं. हे शिंतोडे, म्हणजे आर्क लांबला. हे बारीक भोक, पोरॉसिटी.” दुसरा तुकडा घेतला. अंगठा जवळजवळ तिथेच थांबला. तिसऱ्यावरही तेच.

“म्हणजे सुरुवात दर वेळी जमते,” मी म्हणाले. ते तुकड्यांकडे बघतच राहिले.

त्यांच्या सरांना मी भेटले तेव्हा याचं कारण कळलं. रॉडने वेल्डिंग करताना हाताला एकाच वेळी दोन हालचाली कराव्या लागतात. एक जोडाच्या रेषेने पुढे जाण्याची, ती सगळ्यांना दिसते. दुसरी खाली जाण्याची. रॉड जळत आखूड होत जातो, तसा रॉड धरणारा होल्डर सारखा प्लेटकडे न्यावा लागतो, म्हणजे आर्कची लांबी साधारण रॉडच्या जाडीएवढीच राहते. साडेतीनशे मिलिमीटरचा रॉड संपता संपता हात एका वितीहून जास्त खाली आलेला असतो. नवशिक्या पुढे जाण्याच्या नादात खाली जायला विसरतो. आर्क लांबतो, उष्णता पसरते, हवा आत शिरते. सर म्हणाले, “पोरांचंही असंच होतं. पण त्यांना आर्क लांबलेला दिसतो, ती लगेच सावरतात. काकांना दिसत नाही की काय कोण जाणे.”

सरांनी हे सहज म्हटलं, पण खरी गाठ तिथेच होती.

सुधाकरराव बायफोकल चष्मा वापरतात. चाळिशीनंतर जवळचं बघायची डोळ्यांची ताकद कमी होत जाते, हे सगळ्यांचंच होतं. बायफोकलमध्ये जवळचं दिसणारा भाग खालच्या बाजूला असतो. पेपर वाचताना नजर आपोआप खाली जाते, त्यामुळे अडत नाही. हेल्मेटची काच मात्र चेहऱ्यासमोर सरळ असते. तिच्यातून ते चष्म्याच्या वरच्या भागाने, म्हणजे लांबच्या नंबरने बघत होते. वितळलेल्या धातूची कड त्यांना धूसर दिसत होती.

त्यावर आणखी एक भर. सुरुवातीच्या दिवसांत शेजारच्या बूथमधल्या आर्कचा झोत त्यांच्या उघड्या डोळ्यांवर आला होता. हा त्रास लगेच जाणवत नाही, काही तासांनी सुरू होतो. त्या रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं, पाणी वाहत राहिलं. एकदोन दिवसांत उतरलं, पण धसका बसला. कुणाला न सांगता त्यांनी हेल्मेटमध्ये १० ऐवजी १२ नंबरची, जास्त काळी काच घातली. ते ज्या करंटवर काम करत होते, म्हणजे शंभर-सव्वाशे अँपिअरच्या आसपास, त्याला साधारण १० नंबर पुरतो. १२ मधून त्यांना आर्कचा ठिपका दिसायचा, भोवतालचं जवळजवळ काहीच नाही. डोळे जपायला केलेला उपाय हाताच्या मुळावर आला होता.

काच बदलायची की नाही हे सरांनी ठरवलं, मी नाही. चष्म्यासाठी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. जाण्याआधी सरांनी त्यांना बूथमध्ये उभं करून डोळ्यापासून जोडापर्यंतचं अंतर टेपने मोजलं आणि आकडा कागदावर लिहून दिला. डॉक्टरांना “जवळचं दिसत नाही” एवढंच सांगितलं की ते वाचायचा नंबर देतात. कामाचं अंतर सांगितलं तर त्या अंतराचा देतात. हेल्मेटच्या आत काचेमागे बसवायचं भिंगही मिळतं. मोठ्या वयाचे कितीतरी वेल्डर ते वापरतात, हे सुधाकररावांना ठाऊकच नव्हतं. वर्गात विचारावंसं त्यांना वाटलं नव्हतं.

विचारावंसं का वाटलं नाही, यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ बोललो. वर्गात सगळे त्यांना “काका” म्हणत. मुलं आदरानेच म्हणत होती, पण यांना दर हाकेला वय मोजल्यासारखं वाटायचं. वयाने लहान सरांना “दिसत नाही” सांगणं म्हणजे आपणच आपल्याला बाद ठरवणं. त्यापेक्षा “हात बसत नाही” बरं, त्यात कुणाला काही दाखवावं लागत नाही. दांड्याही यातूनच आल्या होत्या. मी त्यांना एकच गोष्ट सुचवली: बॅचमधला एखादा मुलगा निवडा आणि त्याला हेल्मेट घालून बाजूला उभं राहायला सांगा. आर्क लांबला की त्याने फक्त “खाली” म्हणायचं. त्यांनी निवडलेला मुलगा थिअरीत कच्चा निघाला. महिन्याभरात दोघांचा सौदा ठरून गेला. हा त्यांना “खाली” म्हणायचा, ते त्याच्याकडून इलेक्ट्रोडचे, म्हणजे रॉडचे, नंबर पाठ करून घ्यायचे.

सरावाचंही एक होतं. मागे पडलो म्हणून ते सुटीच्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत रॉडवर रॉड जाळत होते आणि दमून, चिडून घरी जात होते. मी त्यांना पोस्टमनांची गोष्ट सांगितली. ब्रिटनमध्ये टपाल खात्यातल्या पोस्टमनांना टंकलेखन शिकवताना ॲलन बॅडली आणि लाँगमन या संशोधकांनी वेगवेगळी वेळापत्रकं लावून पाहिली. अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध झाला. रोज एकच तास शिकणाऱ्यांना कळफलक हाताखाली यायला एकूण तास सगळ्यात कमी लागले. दिवसाला चार तास बसणाऱ्यांना जास्त. गंमत अशी की एका तासाच्या गटातलेच लोक सगळ्यात नाखूश होते. दिनदर्शिकेवर बघितलं तर आपण मागे पडतोय, असं त्यांना वाटत होतं. सुधाकररावांनी ही गोष्ट दोनदा विचारून घेतली. हिशेबाच्या माणसाला ती पटली. त्यांनी रोजच्या ठरावीक रॉडांचा नेम केला. प्रत्येक रॉडनंतर स्लॅग, म्हणजे बीडवरची कडक खपली, काढून, ब्रश मारून, बीड कुठे बिघडला ते वहीत एका ओळीत लिहायचं, मगच पुढचा रॉड.

वाढत्या वयात नवं कसब बसायला वेळ जास्त लागतो, हे मी त्यांच्यापासून लपवलं नाही. गुडघे, मान, खांदे यांचाही प्रश्न असतो; दिवसभर वाकून किंवा आडव्यात घुसून काम करायचं तर वीस वर्षांच्या मुलाशी बरोबरी होत नाही. म्हणून नोकरी शोधताना फॅब्रिकेशनच्या शेडमधलं बेंचवरचं काम, पुढेमागे तपासणीचं काम, असाही विचार करा म्हटलं. स्टोअर आणि हिशेबाचा अनुभव तिथे वाया जात नाही. आणि सर्टिफिकेट एकदा मिळालं की संपलं, असंही नसतं. आयएसओ ९६०६ या आंतरराष्ट्रीय मानकाखाली परीक्षा दिलेल्या वेल्डरला दर सहा महिन्यांनी, तो त्याच पद्धतीचं काम करतोय अशी सही घ्यावी लागते. हात चालू ठेवावा लागतोच, वय काहीही असो.

आता निकाल. फ्लॅट (सपाट ठेवलेला जोड) आणि हॉरिझाँटल (आडवा जोड) त्यांनी बॅचबरोबर पास केलं. व्हर्टिकलला, म्हणजे उभ्या जोडाला, पहिल्या वेळी नापास झाले. वरून बीड देखणा होता, पण बेंड टेस्टला पट्टी यू आकारात वाकवल्यावर रूटला, म्हणजे जोडाच्या तळाला, तडा उघडला. तळाशी धातू नीट मिसळलेला नव्हता. या वेळी ते वाकलेली पट्टी घेऊन स्वतःहून आले. “सर म्हणाले रूट गॅप, म्हणजे दोन प्लेटमधली फट, कमी पडला. टॅक, म्हणजे तात्पुरते टाके, मारताना प्लेट ओढल्या गेल्या.” त्यात वयाचा उल्लेख नव्हता, मीही काढला नाही. दुसऱ्या वेळी पास झाले.

सगळ्यांचं कारण डोळ्यांतच सापडेल असं नाही. त्याच वर्षी एक मुलगी हात थरथरतो म्हणून आली होती. तिला दमा होता आणि धुराच्या धास्तीने ती प्रॅक्टिकलच्या आधी इनहेलरचे जास्तीचे पफ घ्यायची. त्यातल्या साल्ब्युटामॉल या औषधाने हात थरथरतो. तिला डॉक्टरांकडे पाठवलं, आणि बूथमधली धूर खेचणारी नळी जोडाच्या जवळ ओढून घेता येते, हे सरांनी दाखवलं. वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्येच ठरवलंय, तेव्हा ती नळी सगळ्यांनीच ओढून घ्यावी. हात स्वस्थ ठेवलेला असतानाही थरथरत असेल, तर सरावाचं बघायच्या आधी तपासणी करून घ्यावी, हेही सांगून ठेवते.

सुधाकरराव अजून अधूनमधून डोकावतात. सध्या ओव्हरहेड, म्हणजे डोक्यावरच्या जोडाचं काम, चालू आहे. परवा विचारत होते, मान वर केली की नव्या चष्म्यातूनही कड पुसट दिसते, भिंग थोडं वर सरकवून बसवलं तर चालेल का? मी त्यांना सरांकडे पाठवलं. ते आधीच विचारून आले होते. सर हो म्हणाले होते, मलाही सांगावं म्हणून आले होते.