हिशेब विचारणारे माणूस

प्रिय मुली,

सप्रेम जिंदाबाद.

तुझे पत्र चार दिवस टेबलावर होते. मेळघाटात दोन वर्षे मुलांना शिकवून तू पुण्यात नोकरीला आलीस, पहिल्या पगारापासून दहावा हिस्सा तिकडच्या शाळेला पाठवू लागलीस, तो कोणत्या महिन्यापासून बंद झाला हे आता तुला आठवत नाही, आणि परवा तिथल्या कुपोषणाची बातमी वाचून आपण सहज पान उलटले याने तू हादरली आहेस. तेव्हाची मी खोटी होते की आताची, असे तू विचारतेस. या प्रश्नात शिरू नकोस. त्यात रडायला भरपूर जागा आहे आणि करायला काहीच नाही. पैसे थांबले त्या महिन्यात "का ग थांबले?" असे विचारणारे कोण होते, एवढेच मला सांग.

माझ्या पिढीतल्या ज्यांनी उमेदीची वर्षे चळवळीत घातली, त्यांतले विचार बदलून गेलेले लोक मला फार थोडे दिसले. बाकीच्यांचे विचार शाबूत आहेत. कुणाच्या मुलाच्या लग्नात भेटले की ते अजून तेच आणि तितक्याच पोटतिडकीने बोलतात. त्यांना हिशेब विचारणारे माणूस मात्र उरले नाही. मी हे पुन्हा पुन्हा लिहिणार आहे, कंटाळू नकोस.

पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढणाऱ्या टिळक-आगरकर मंडळींची गोष्ट तुला ठाऊक आहे, पण ती अर्धी. १८८० साली शाळा निघाली, १८८४ साली ती चालवायला डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. मोठ्या पगाराच्या चाकरीची आशा धरू नकोस, पोटापुरते मिळवून बाकीचा वेळ लोकांसाठी देणार, अशा अर्थाचे पत्र आगरकरांनी विद्यार्थी असतानाच आईला लिहिले होते, हे सगळे सांगतात. पुढची दहा वर्षे कुणी सांगत नाही. संसार वाढले, खर्च वाढला, आणि आजीव सभासदांनी, म्हणजे संस्थेला वाहून घेतलेल्या शिक्षकांनी, बाहेरचे काम करावे का, बाहेरची कमाई घ्यावी का, सर्वांना सारखेच वेतन असावे की ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे, यावरून ही मंडळी इतकी भांडली की १८९० साली टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. तरुणपणी मला या भांडणाची लाज वाटे. आता वाटते, एवढ्या कडवटपणे एकमेकांचा हिशेब मागणारी माणसे आमच्यात असती तर बरे झाले असते. त्याच वादात होरपळलेल्या गोखल्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज काढला, तेव्हा संस्था देईल त्यात आपले आणि कुटुंबाचे भागवीन, स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती खर्च करणार नाही, अशी शपथ सदस्यांना घालून दिली आणि पहिली पाच वर्षे उमेदवारीची ठेवली. कुणाशी वैयक्तिक भांडण करणार नाही, हीही एक शपथ त्यात होती; ती कुठून आली असेल हे सांगायला नको. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की एवढ्या मोठ्या माणसाने निष्ठा ज्याच्या त्याच्या मनाच्या भरवशावर सोडली नाही.

आता माझे. १९७८ च्या जुलैत मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळल्या, तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि जयप्रकाश नारायणांनी काढलेल्या तरुणांच्या संघटनेत, छात्र युवा संघर्ष वाहिनीत होतो. त्या गावांतून फिरताना जे पाहिले त्याने आयुष्याची दिशा ठरली, अशी माझी खात्री होती. वाहिनीत तिशीपर्यंतच राहता येई, आणि तो नियम योग्यच होता. तीस पूर्ण झाल्यावर मी बाहेर पडलो आणि बँकेत लागलो. वडील निवृत्त झालेले, बहिणीचे लग्न व्हायचे, आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन. ही कारणे खोटी नव्हती. आजही कुणी मला नोकरीबद्दल बोल लावला तर मी भांडेन. परभणीचा एक जुना सोबती मात्र दर महिन्याला कार्ड टाकत असे: "या महिन्यात काय केलेस?" पहिल्या वर्षी मी उत्तरे लिहिली, पुढे ती लांबली, आणि मग ती कार्डे मला टोमण्यासारखी वाटू लागली, म्हणून मी उत्तर देणे सोडले. नोकरीने माझे काही बिघडवले नाही. ते कार्ड मी बंद पाडले, तिथे बिघडले.

१४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, म्हणजे विद्यापीठाच्या जुन्या नावाला आंबेडकरांचे नाव जोडले गेले. मी ती बातमी बँकेत चहा घेताना वाचली, "झाले एकदाचे" म्हणालो आणि कॅशच्या खिडकीकडे वळलो. संध्याकाळी घरी तिळगूळ घेताना हात थांबला. ज्या प्रश्नासाठी माणसे मेली, घरे गेली, त्याची बातमी मी परक्या गावच्या बातमीसारखी वाचली होती. तू पान उलटलेस हे वाचून मला ते आठवले, म्हणूनच हे पत्र एवढे लांबले. त्या रात्री मी परभणीला पत्र लिहिले. उत्तर कार्डावरच आले: "किती वर्षांचा हिशेब पाठवतोस?"

तेव्हा, "आतून वाटले पाहिजे" हे वाक्य मला पुन्हा लिहू नकोस. आतून वाटण्याची वाट पाहत मी नऊ वर्षे घालवली. दहावा हिस्सा जास्त होत असेल तर विसावा ठेव, घराचे हप्ते सुरू झाले की आणखी कमी कर, पण ती रक्कम तू एकटीने ठरवू नकोस आणि एकटीने बदलूही नकोस. होणाऱ्या नवऱ्याला हे आधी सांग, आणि त्यालाही विचारायचा हक्क दे. शक्यतो मेळघाटातलेच एक माणूस धर, कारण पुण्यातल्या मैत्रिणी तुला समजून घेतील, आणि सध्या तुला समजून घेणाऱ्यांची गरज नाही. ते माणूस कधी तिरकस विचारील, कधी अन्यायही करील. तेव्हा उत्तर देणे बंद करू नकोस. बाकी काही विसरलीस तरी चालेल, एवढे विसरू नकोस.

परभणीचा माझा सोबती मागच्या पावसाळ्यात गेला. त्यानंतर मला कुणी विचारलेले नाही, आणि मी तिसऱ्या महिन्यातच ढिला पडलो, हे सत्तरीच्या माणसाने तुला सांगायला लाज वाटते. सोबत माझा दोन महिन्यांचा थकलेला हिशेब जोडला आहे. तो तपास, आणि पुढच्या महिन्यात माझ्याकडून आला नाही तर एक कार्ड टाक.

तुझा,
काका