कुरणात उधळणारा घोडा

प्रश्न : सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेला आमचा तरुण घोडा लग्नसराई संपल्यापासून बहुतेक वेळ बांधूनच असतो. कुरणात सोडला की तो चौखूर उधळतो आणि आमच्याभोवती फेर धरून लाथा झाडतो. तो द्वाड झाला आहे का?

उत्तर : कान मागे पाडून, दात विचकून तो अंगावर आल्याचे आपण लिहिलेले नाही, त्यामुळे ही साठलेली ताकद आहे, असे मला वाटते. तथापि खेळात झाडलेल्या लाथेनेही हाड मोडते. घोड्याला थेट पाठीमागचे व कपाळासमोर अगदी जवळचे दिसत नाही, म्हणून आवाज देत, खांद्याच्या रोखाने तिरके जावे. तो उधळल्यास पळू नये, दोराचे टोक फिरवून अंतर राखावे आणि तो शांत होईपर्यंत थांबावे. सोडताना त्याचे तोंड आपल्याकडे वळवून मगच म्होरकी (तोंडाला बांधलेली दोरी) काढावी व लगेच मागे सरावे. दोर हाताला कधीही गुंडाळू नये.

खरा उपाय मात्र चंदी (दाण्याचा खुराक) आणि व्यायामात आहे. काम नसताना चंदी कमी करून वैरण वाढवावी आणि त्याला रोज हिंडवावे. एकदम रपेट मात्र नको, कारण पूर्ण चंदीवर उभा राहिलेला घोडा अचानक पळवल्यास त्याचे स्नायू आखडू शकतात व लघवी गडद तपकिरी होते. तसे दिसल्यास त्याला जागीच उभे करून पशुवैद्यकांना बोलवावे.